मिठाचें पाणी आणि विजेचा कांटा

होमिऑपथीच्या औषधांची पेटी अजूनहि पुष्कळ शहरी घरांतून आढळते. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, बोटाएवढ्या बाटल्या, आणि बुचावरच्या चिठ्ठीवर औषधाचें लॅटिन नांव व त्यापुढें एक आंकडा : ६, ३० किंवा २००. या नांवांपैकीं ‘नॅट्रम म्यूर’ हें विशेष परिचयाचें. जुनाट सर्दी, डोकेदुखी, मनांतल्या मनांत कुढण्याची संवय, अशा नाना तक्रारींवर तें दिलें जातें. नांव भारदस्त असलें तरी वस्तु अगदीं घरांतली आहे. नॅट्रम म्यूर म्हणजे स्वयंपाकघरांतील मीठ.

मिठाचें हें औषध एका जुन्या वादाच्या निवाड्यासाठीं फार सोयीचें पडतें. मिठाच्या पाण्यांतून वीज कशी वाहते, याचीं मापें रसायनशास्त्रानें जितक्या बारकाईनें घेतलीं आहेत तितकीं फारच थोड्या पदार्थांचीं घेतलीं असतील. तेव्हां तीस वेळां विरल केलेलें मिठाचें पाणी आणि साधें पाणी यांतील भेद विजेच्या यंत्राला ओळखतां येतो काय, हा प्रश्न नुसत्या मताचा न राहतां मापाचा होतो. मात्र प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं. कांटा हलतो कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें असेल, तर तो हलतो, आणि अनेक प्रयोगशाळांत तो हललेलाहि आहे. तो कशामुळें हलला, हें शोधून काढणें ही खरी कामगिरी होय.

होमिऑपथीचा जनक सॅम्युएल हानेमान याचा जन्म १७५५ सालीं जर्मनींतील माइसेन गांवीं झाला. १७९० सालीं त्यानें निरोगी असतांना स्वतः सिंकोना वृक्षाची साल घेऊन पाहिली, आणि हिंवतापासारखीं लक्षणें आपल्याला जाणवलीं असें नमूद केलें. त्यावरून निघालेलें समलक्षणचिकित्सेचें तत्त्व त्यानें १७९६ च्या निबंधांत मांडलें, व १८१० मध्यें ‘ऑर्गनॉन’ या ग्रंथांत त्याची पूर्ण मांडणी केली. औषध विरल करण्याची रीत मागाहून अधिकाधिक पुढें गेली. मूळ द्रवाचा एक भाग व पाणी किंवा मद्यार्क नव्व्याण्णव भाग एकत्र करावे, बाटलीला झटके देऊन ती एखाद्या चामडी बांधणीच्या ग्रंथासारख्या घट्ट पण लवचिक वस्तूवर आपटावी. ही झाली पहिली पायरी. त्यांतील एक भाग घेऊन पुन्हा नव्व्याण्णव भाग पाण्यांत मिसळावा व पुन्हा झटके द्यावे, ही दुसरी. चिठ्ठीवरचा ३० हा आंकडा म्हणजे अशा तीस पायऱ्या. झटक्यांमुळें औषधाची शक्ति जागृत होते असें हानेमानचें म्हणणें होतें, आणि म्हणूनच आंकडा जितका मोठा तितकें औषध अधिक प्रबल मानलें जातें.

हानेमान १८४३ मध्यें पॅरिस येथें वारला. एवढ्याशा पदार्थांत रेणु किती असतात, याचा अंदाज त्याच्या हयातींत कोणासहि नव्हता. रेणूच्या आकारमानाचा पहिला विश्वसनीय अदमास योहान लोश्मिट यानें १८६५ मध्यें केला. त्यामुळें पदार्थाचे भाग हवे तितके पाडतां येतील असें हानेमानला वाटलें असल्यास तो दोष त्याचा नव्हे, काळाचा होय. आज मात्र हिशेब मांडतां येतो. एक लिटर पाण्यांत साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ विरघळविलें, तर त्यांत मिठाच्या कणांच्या ६ वर २३ शून्यें इतक्या जोड्या असतात. प्रत्येक पायरीला ही संख्या शंभरानें घटते. बाराव्या पायरीवर लिटरभर पाण्यांत एकहि जोडी उरली असेल, अशी खात्री देतां येत नाहीं. तिसाव्या पायरीवर मिठाची एकच जोडी गांठावयाची म्हटली, तर सुमारें दीड लाख कोटि पृथ्वींच्या घनफळाएवढें पाणी प्यावें लागेल. हा हिशेब अनेकदां सांगितला जातो व तो बिनचूक आहे. पण त्यानें होमिऑपथीच्या अभिमान्यांचें समाधान होत नाहीं. ते म्हणतात, मीठ गेलें हें मान्य; परंतु जातांना तें पाण्यावर आपला ठसा ठेवून गेलें. असा ठसा असेल तर तो कोठें तरी मोजतां आला पाहिजे, आणि येथेंच विजेचें यंत्र पुढें येतें.

शुद्ध पाणी विजेचें फार वाईट वाहक आहे. मीठ विरघळलें म्हणजे त्याचे धनभारित सोडियम व ऋणभारित क्लोराइड असे आयन सुटे होतात, आणि तेच वीज वाहून नेतात. पाण्यांत दोन लहान पत्रे बुडवून त्यांमधून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला, म्हणजे ही वाहकता मोजतां येते. एकाच दिशेचा प्रवाह सोडल्यास पत्र्यांवर वायु जमून माप बिघडतें. ही अडचण फ्रीड्रिख कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत दूर केली. वाहकतेचें परिमाण मायक्रोसीमेन्स हें आहे. वर सांगितलेल्या मिठाच्या पाण्याची वाहकता, २५ अंश उष्णतामानाला, दर सेंटिमीटरास सुमारें ८६,००० मायक्रोसीमेन्स भरते. पहिल्या पायरीनंतर ती सुमारें १,२०० वर येते, दुसरीनंतर साडेबारावर, तिसरीनंतर मिठाचा वांटा ०.१३ उरतो, आणि चौथ्या पायरीवर ०.००१३.

आतां पाण्याचें स्वतःचें माप पाहावें. जगांतील अत्यंत शुद्ध पाणी घेतलें तरी त्याचे स्वतःचेच कांहीं रेणु फुटून आयन झालेले असतात, आणि त्यांच्यामुळें वाहकता ०.०५५ पेक्षां खालीं जात नाहीं. कोलराउश व हाइडवायलर यांनीं १८९४ मध्यें पाणी निर्वातांत पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करून याच तळाच्या अगदीं जवळ मजल मारली होती. परंतु असें पाणी उघड्या पेल्यांत ठेवतांच हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु त्यांत शिरतो, आणि थोड्याच वेळांत वाहकता १ मायक्रोसीमेन्सच्या आसपास चढते. म्हणजे तिसऱ्याच पायरीवर मिठाची वीज हवेनें आणलेल्या विजेच्या आठव्या हिश्शाइतकी उरते, आणि चौथ्या पायरीवर ती परमशुद्ध पाण्याच्या स्वतःच्या वाहकतेपुढेंहि नगण्य ठरते.

सामान्यतः बाराव्या पायरीचा फार गवगवा होतो, कारण तेथें रेणु संपतात. विजेच्या यंत्राच्या दृष्टीनें सीमारेषा बारावी नसून चौथी आहे. चौथ्या पायरीपुढें यंत्र जें कांहीं दाखवितें तें मिठाविषयीं नसून हवा, कांच, बूच, उष्णतामान आणि प्रयोग करणाराचा हात यांविषयीं असतें. पाण्याच्या ठशाचा शोध घ्यावयाचा तो या सगळ्या गोंगाटांतून.

विद्युद्घटाच्या दाबावरून मोजण्याची दुसरी रीत याहूनहि बोलकी आहे. चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढविला, म्हणजे ती तार क्लोराइडचें प्रमाण ओळखणारें विद्युदग्र बनते. वॉल्थेर नेर्न्स्ट यानें १८८९ मध्यें मांडलेल्या नियमाप्रमाणें क्लोराइड दहापट कमी झालें कीं विद्युद्दाब ५९ मिलिव्होल्टनीं बदलतो. अर्थात् होमिऑपथीच्या एका पायरीला सुमारें ११८ मिलिव्होल्ट. पहिल्या दोन पायऱ्यांना कांटा या नियमाबरहुकूम सरकतो. तिसरीला तो अडखळतो व तेथून पुढें जवळजवळ थांबतो. कारण तारेवरचा सिल्व्हर क्लोराइडचा थर स्वतःच पाण्यांत किंचित् विरघळत असतो, आणि तिसऱ्या पायरीच्या पाण्यांत मिठाचें जेवढें क्लोराइड शिल्लक आहे त्याच्या दहापटीहून अधिक क्लोराइड ही तारच सोडते. मोजावयास आलेला पाहुणा स्वतःच शिधा घेऊन यावा, तसा हा प्रकार आहे.

मग विरल द्रावणांचे विद्युत्-गुणधर्म बदलतात असें जें सांगितलें जातें, त्याचा आधार काय? सर्वांत परिश्रमपूर्वक काम इटलींतील नेपल्स विद्यापीठांत व्हित्तोरिओ एलिया व त्याचे सहकारी यांनीं केलें. १९९९ पासून पुढें त्यांनीं अतिविरल द्रावणांची वाहकता, आम्लतेचें माप, विद्युद्घटाचा दाब, आणि अल्कली मिसळतांना निघणारी उष्णता यांचीं मापें प्रसिद्ध केलीं. झटके देऊन विरल केलेलीं पाणीं व साधें पाणी यांत त्यांना निश्चित फरक आढळले. पाणी जुनें होईल तसा फरक वाढे, व तें थोड्या थोड्या प्रमाणांत लहान बाटल्यांतून ठेवलें असतां तो विशेष वाढे. पाण्याच्या रेणूंची स्वतःहून टिकणारी कांहींशी रचना तयार होत असावी, असें स्पष्टीकरण त्यांनीं सुचविलें. ही मंडळी मोजण्याच्या कामांत निष्काळजी होतीं असें कोणास म्हणतां येणार नाहीं. कांचेंतून सोडियम, सिलिकॉन व बोरॉन हे पाण्यांत उतरतात हें त्यांनीं स्वतः तपासलें, आणि त्यांचा हिशेब वजा करूनहि कांहीं शिल्लक उरते असें प्रतिपादिलें.

पण कोठल्याहि वाण्याला ठाऊक आहे कीं, मोठ्या जमेंतून मोठा खर्च वजा करून उरलेल्या चिमूटभर शिलकेवर फार भरंवसा ठेवूं नये. दोहोंपैकीं एका रकमेंत थोडीशी चूक असली तरी शिल्लक दुप्पट होते किंवा नाहींशी होते. आणि येथील लक्षणें तर कांचेकडेच बोट दाखवितात. बाटली जितकी लहान, तितका दर थेंबामागें कांचेचा पृष्ठभाग अधिक. पाणी जितका काळ कांचेंत राहील, तितके क्षार अधिक सुटतील. झटके जितके जास्त, तितकी पाण्याची भिंतीशीं घासाघीस जास्त व हवेचें मिश्रणहि जास्त. पुढें याच संशोधकांनीं औषधाचा एक कणहि न घालतां शुद्ध पाणी कांचेच्या गाळणींतून पुन्हा पुन्हा गाळून पाहिलें, तेव्हांहि वाहकता चढली. औषधावांचून जो परिणाम घडतो तो औषधाच्या ठशाचा पुरावा कसा ठरणार, हा प्रश्न यांतून आपोआप उभा राहतो.

नॅट्रम म्यूरच्या बाबतींत तर यांत एक विनोदहि आहे. तिसाव्या पायरीच्या बाटलींत रसायनज्ञानें सोडियम शोधलें तर तें त्याला खात्रीनें सांपडेल. पण तें हानेमानच्या मिठाचें नव्हे. तें बाटलीच्या कांचेचें आहे, आणि बूच उघडणाऱ्या बोटाच्या घामाचें आहे.

म्हणून प्रामाणिक परीक्षेंत सर्व भार तुलनेच्या पाण्यावर पडतो. घडा भरून ठेवलेलें स्वस्थ पाणी आणि तीस वेळां हालवून, तीस बाटल्यांतून ओतून आणलेलें औषधाचें पाणी, यांची तुलना म्हणजे घरीं बसलेल्या माणसाची व पंढरपूरची वारी करून आलेल्याची पायधूळ मोजण्यासारखें आहे. फरक दिसेल, पण तो वाटेचा असेल, भक्तीचा नव्हे. तुलनेच्या पाण्यानेंहि तीच वाट चाललेली पाहिजे. एकाच घडणीच्या, एकाच रीतीनें धुतलेल्या बाटल्या, तितक्याच पायऱ्या, तितकेच झटके, तितकाच वेळ हवेशीं संबंध, भेद एवढाच कीं पहिल्या बाटलींत मिठाऐवजीं त्याच पाण्याचा थेंब. शक्य तर कांच टाकून, क्षार न सोडणाऱ्या द्रव्याच्या बाटल्या वापराव्या, आणि सर्व काम नायट्रोजन वायूच्या आवरणाखालीं करावें, म्हणजे हवेंतील कार्बन डायॉक्साइड दूर राहतो. उष्णतामान एका अंशाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत स्थिर ठेवावें, कारण शुद्ध पाण्याची वाहकता एका अंशाला सुमारें पांच टक्क्यांनीं बदलते. हातांत क्षणभर धरलेली बाटली तेवढ्यावरून ‘शक्तिमान्’ ठरावयाची. शिवाय एकाच तुकडीच्या बाटल्या मोजून भागत नाहीं. पहिल्या मिठाच्या बाटलीपासून आरंभ करून अशा अनेक स्वतंत्र माळा तयार केल्या पाहिजेत. नाहींतर एका मळकट बाटलीचा दोष तिच्या सर्व वंशजांत उतरतो, आणि वीस मापें घेतलीं असें वाटत असतांना वस्तुतः एकच माप वीस वेळां घेतलेलें असतें.

याखेरीज एक अट अशी आहे कीं जिला यंत्र लागत नाहीं. कोणत्या बाटलींत काय आहे हें मोजणारास कळतां कामा नये. तिऱ्हाइतानें बाटल्यांवर सांकेतिक आंकडे घालावे, यादी पाकिटांत बंद करावी, आणि सर्व मापें लिहून झाल्यावरच तें पाकीट फोडावें. समजा, दहा बाटल्या औषधी पाण्याच्या व दहा तितक्याच हालविलेल्या साध्या पाण्याच्या आहेत. वीसांतून दहा निवडण्याचे मार्ग १,८४,७५६ आहेत. कांट्याच्या आधारें सर्व दहा बाटल्या अचूक वेगळ्या काढल्या, तर तो नशिबाचा खेळ असण्याचा संभव १,८४,७५६ त एक; आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं तेंच करून दाखविलें तर रसायनशास्त्राचीं पाठ्यपुस्तकें बदलावीं लागतील. कोणत्याहि जागरूक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हा खर्च झेपण्याजोगा आहे.

सांकेतिक आंकड्यांचें महत्त्व १९८८ मध्यें साऱ्या जगाला दिसलें. फ्रान्समधील जाक बेनव्हेनिस्त या नामांकित शास्त्रज्ञानें, एका प्रतिद्रव्याचा रेणुहि उरणार नाहीं इतकें विरल पाणी रक्तांतील विशिष्ट पेशींवर परिणाम करतें, असा लेख ‘नेचर’ नियतकालिकांत त्या वर्षीं प्रसिद्ध केला. संपादक जॉन मॅडॉक्स यांनीं तो छापला खरा, पण मागाहून तपासाची अट घालून. जुलैमध्यें ते स्वतः, जादूगार जेम्स रँडी आणि वैज्ञानिक गैरव्यवहारांचा शोध घेणारे वॉल्टर स्ट्यूअर्ट असे तिघे पॅरिसजवळच्या क्लामार येथील प्रयोगशाळेंत गेले. कोणती नळी कोणती हें ठाऊक असतांना परिणाम दिसे. नळ्यांवर सांकेतिक आंकडे घालून ती यादी लपविल्यावर तो नाहींसा झाला. तेथें पेशी डोळ्यांनीं मोजावयाच्या होत्या, विजेचा कांटा नव्हता, हें खरें. तथापि कांटा स्थिर झाला असें केव्हां समजावें, कोणतें माप बाटली नीट धुतली गेली नव्हती म्हणून सोडून द्यावें, हें शेवटीं माणूसच ठरवितो.

पाण्यांत टिकाऊ रचना राहूं शकेल काय, या प्रश्नालाहि स्वतंत्र उत्तर मिळालेलें आहे. पाण्याचे रेणु एकमेकांना हायड्रोजन-बंधांनीं धरतात हें सत्य आहे. पण ती मिठी क्षणिक असते. २००५ मध्यें ‘नेचर’ मध्येंच प्रसिद्ध झालेल्या, अतिलघु प्रकाशस्पंदांनीं केलेल्या मापनानुसार द्रवरूप पाणी आपल्या बंधजालांतील स्थितीचें स्मरण सुमारें ५० फेम्टोसेकंदांतच गमावतें. एका सेकंदाचे एक कोटि भाग करून त्यांतील एकाचे पुन्हा दहा कोटि भाग केले, म्हणजे एक फेम्टोसेकंद होतो. औषधाच्या दुकानांत वर्षभर पडून राहणाऱ्या बाटलीला ही स्मृति कितपत पुरेल, हें सांगावयास नको.

या वादांत मुंबईचाहि वांटा आहे. २०१० मध्यें पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील जयेश बेल्लारे व त्यांचे सहकारी यांनीं बाजारांतून आणलेल्या सोनें, तांबें, कथील इत्यादि धातूंच्या औषधांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी केली. ३० व २०० शक्तीच्या औषधांतहि त्या धातूंचे अतिसूक्ष्म कण सांपडल्याचें त्यांनीं प्रसिद्ध केलें. ठशाच्या कल्पनेहून ही कल्पना अधिक सुज्ञ आहे, कारण ती पाण्याला जादू शिकवीत नाहीं. धातूचे कण फेंसाबरोबर वर येऊन पुढच्या बाटलींत जात असावे, असें ती म्हणते. मात्र धातूचें प्रमाण एका मर्यादेनंतर पायऱ्यांबरोबर घटत नाहीं, जवळजवळ तेंच राहतें, असेंहि त्यांत आढळलें. फेंसाची उपपत्ति खरी असली तर असें होईल. बाटल्या, मद्यार्क किंवा कारखान्याची हवा यांतून थोडासा धातु सर्वच औषधांत येत असला तरीहि अगदीं असेंच होईल. या दोहोंचा निकाल धातूवांचून तयार केलेल्या, पण त्याच कारखान्याची वाट चाललेल्या पाण्यानेंच लागावयाचा. आणि मिठासारख्या पूर्णपणें विरघळणाऱ्या पदार्थाला तरंगणाऱ्या कणांची ही सबब मुळींच लागू पडत नाहीं.

भारतांत होमिऑपथी व प्रयोगशास्त्र यांचें नातें नेहमींच वैराचें होतें असें मात्र नव्हे. कलकत्त्याचे डॉक्टर महेंद्रलाल सरकार १८६७ मध्यें उघडपणें होमिऑपथीकडे वळले, व त्याबद्दल व्यवसायबंधूंचा रोष त्यांनीं सोसला. त्याच सरकारांनीं १८७६ मध्यें विज्ञानाच्या संशोधनासाठीं जी संस्था स्थापिली, तिच्याच प्रयोगशाळेंत १९२८ सालीं रामन-परिणामाचा शोध लागला.

विजेच्या मापनाचा निकाल कसाहि लागो, रोगी बरा होतो कीं नाहीं हा प्रश्न त्याहून निराळा आहे, आणि घरच्या माणसांना खरी काळजी असते ती त्याचीच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनें उपलब्ध पुराव्याची छाननी करून, होमिऑपथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाहि व्याधीबाबत नाहीं, असा निष्कर्ष २०१५ मध्यें प्रसिद्ध केला. साध्या सर्दीला त्यामुळें फारसें कांहीं बिघडत नाहीं, कारण सर्दी आपल्या पायांनीं जाते. दम्याच्या मुलाचें किंवा मधुमेहाच्या रोग्याचें चालू औषध ‘पाण्याची शक्ति यंत्रानें सिद्ध झाली आहे’ एवढ्या ऐकीव आधारावर बंद केलें जातें, तेव्हां मात्र त्या कांट्याच्या एका बारीक हालचालीची किंमत फार जड पडते.

आणि एवढें झाल्यावरहि पाण्याची परीक्षा ही अर्धीच परीक्षा आहे. पेटींतील गोळींत पाणी नसतें. औषधी द्रवाचे कांहीं थेंब साखरेच्या गोळ्यांवर सोडतात आणि गोळ्या वाळूं देतात. द्रव उडून जातो. ठसा पाण्यावर होता असें मानलें, तर तो आतां साखरेवर उमटला असें दुसऱ्यांदा मानावें लागतें. त्याचीहि परीक्षा अवघड नाहीं. औषध सोडलेल्या गोळ्या व त्याच डब्यांतील कोऱ्या गोळ्या शुद्ध पाण्यांत वेगवेगळ्या विरघळवाव्या, बाटल्यांवर सांकेतिक आंकडे घालावे आणि वाहकता मोजावी. कांटा येथेंहि हलेल, कारण साखर कितीहि शुभ्र असली तरी तिच्यांत क्षारांचा अल्पसा अंश असतो, आणि त्यांतहि मीठ असतेंच.